घाटातली उलटी वरात

रहेमानने टांगा विकून मोटार घेतली, तेव्हा नाशिकच्या टांगास्टँडवर कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. मोटार जुनी, काळी, कापडी टपाची. एका वकिलाने नवी घेतली आणि ही रहेमानच्या दारात आली. घोडा गेला, पण घोड्याच्या सवयी काही गेल्या नाहीत. चढ लागला की रहेमान जिभेने टक्‌टक् करी आणि मुक्कामाला पोचला की बॉनेटवर थाप मारून "शाबास बेटा" म्हणे. घाटाच्या वाटेला निघताना मात्र टाकीत पेट्रोल अर्धंच घाली.

"भरून घे की टाकी," गॅरेजचा यादव मिस्त्री म्हणे.

"पोटभर चारलेलं जनावर घाट चढतं का, मिस्त्री? धापा टाकतं नुसतं. वर नेऊन खाऊ घालावं."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला आणि त्याला नीट समजावलं. टाकी बसायच्या बाकाखाली, इंजिन पुढे. खड्या चढाला इंजिन वर जातं आणि थोडं पेट्रोल असलं की ते खालीच राहतं. "अडलास तर मोटार फिरव आणि उलटी चढव. तेव्हा माझी आठवण काढ." रहेमान हसला. घोड्याचं त्याला जितकं कळत होतं तितकं मोटारीचंही कळतं, अशी त्याची खात्री होती.

गिऱ्हाईक मात्र फिरकत नव्हतं. पेठच्या बाजूचे लोक सर्व्हिस मोटारीत दाटीवाटीने बसत, नाहीतर सरळ बैलगाडी जुंपत. रोशनबी, त्याची बायको, संध्याकाळी विचारी, "आज कोण बसलं मोटारीत?" तो म्हणे, "धूळ."

अशात छत्तीस सालच्या लग्नसराईत घाटमाथ्यावरचा कोंडाजी त्याच्याकडे आला. भाताची शेती, डोक्याला मोठा फेटा आणि मनात मोठी हौस. मुलाचं लग्न गिरणाऱ्याला होतं आणि सून मोटारीतून घरी आणायची, असं त्याने घरच्या म्हाताऱ्यांशी भांडून ठरवलं होतं.

"एकच सांगतो, रहेमानभाई. आमच्यात दिवा लागल्यावर नव्या सुनेला उंबरा ओलांडू देत नाय. दुसऱ्या दिवशी शनवार, त्या दिशीबी नाय. वेळेत पोचवलीस तर घाटावरच्या समद्या नवऱ्या तुझ्याच मोटारीत. नाय पोचली तर पोरीला दोन राती वेशीबाहेर मारुतीच्या देवळात काढाव्या लागतील, आन् मग घाटात तुला मोटार दावायची सोय नाय आन् मला तोंड."

"दिवा पेटायच्या आत. जबान दिली," रहेमान म्हणाला.

लग्न वेळेवर लागलं, पण जेवणावळी लांबल्या. गाडी निघाली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. पुढे रहेमानशेजारी कोंडाजी. मागे नवरी सिंधू, नवरा गोरक्ष आणि पाठराखीण म्हणून आलेली सिंधूची आत्या साळूबाई. बाकीचं वऱ्हाड बैलगाड्यांतून मागे.

घाट सुरू झाला. रहेमानने टक्‌टक् केलं. मोटारीने दोन उचक्या दिल्या आणि ती थांबली. मागच्या चाकाला धोंडा लावून त्याने हँडल मारलं, पुन्हा मारलं, घाम पुसला आणि त्याला मिस्त्री आठवला.

"उतरा सगळे. मोटार फिरवायची आहे. उलटी चढेल, झटक्यात."

ढकलाढकल करून मोटारीचं तोंड खाली आणि पाठ वर झाली. बसायची वेळ आली तशी साळूबाई वाटेत आडवी उभी राहिली.

"म्हंजे नवरीची पाठ सासरला आन् तोंड माहेराला? अशी गेलेली पोर नांदती का? मी पाठराखीण हाय, भावजयीला काय सांगू?"

"चालत जाऊ मग," गोरक्ष पहिल्यांदाच बोलला.

"चाल!" कोंडाजी कडाडला. "तू चालत पोचंस्तवर दिवा लागंल आन् इझंलबी."

सूर्य डोंगराच्या कानाशी आला होता. रहेमान हात जोडून म्हणाला, "बाई, उलटी मोटार जाते आहे, नवरी नाही."

"बोलायला काय जातं तुझं!"

तेवढ्यात मुंडावळ्या मागे सारत सिंधू म्हणाली, "आत्या, मोटार उलटी तर मीबी उलटी बसते. मंग तोंड सासरलाच की."

आणि ती चढून बाकावर गुडघे टेकून, पाठीला धरून, घाटमाथ्याकडे तोंड करून बसलीसुद्धा. साळूबाईने यात काही अशुभ सापडतंय का ते शोधून पाहिलं. सापडलं नाही. मग तीही तशीच बसली आणि गोरक्षही निमूट फिरला.

मोटार उलटी चढू लागली. रहेमान मान वळवून पाहत होता, पण मागे तीन डोकी आणि दुमडलेला टप. रस्ता दिसत होता तो फक्त सिंधूला.

"काका, खड्डा! माझ्या उजव्या हाताला!... आता सरळ... थांबा, म्हैस हाय!"

"नवरी हायेस तू, हळू बोल," साळूबाई दटावत म्हणाली.

"हळू बोलले तर दरीत जाऊ, आत्या."

गोरक्ष हसला. कोंडाजीही फेटा सावरत हसला. पण माथ्याची वाट इतकी अरुंद होती की पुन्हा तोंड फिरवायला जागाच नव्हती. तेव्हा मोटार तशीच, पाठमोरी, गावात शिरली. सगळं गाव वेशीवर. कोंडाजीची आई उंबऱ्याशी समई घेऊन, हातातली काडी ओढू की नको अशी उभी. सिंधू उतरली, धावतच आली आणि माप ओलांडून आत गेली. मगच म्हातारीने काडी ओढली.

रहेमान मोटारीला टेकून खाली बसला. बसल्याबसल्याच त्याने चाकावर थाप मारली, "शाबास बेटा."

म्हातारी बाहेर आली आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाह्यलं का? मोटार आधी सुनेला घर दावती, मंग दारात आणती. बैलाला कळतंय का एवढं?"

झालं. नवरीची मोटार अशीच येत असते, हे घाटावर ठरून गेलं. त्या सराईत रहेमानला दम खायला सवड मिळाली नाही. मिस्त्रीचं ऐकून तो आता टाकी तोंडोतोंड भरी. मोटार सरळसुद्धा मजेत चढली असती, पण चढू कोण देतो? "सरळच आणायची तर आमचे बैल काय वाईट हायेत?" असं वऱ्हाडं त्याला तोंडावर विचारीत.

रोशनबी कोमट तेलाची वाटी घेऊन त्याच्या मागे बसे.

"सरळ बसा जरा."

"सरळच बसलोय, रोशन. मान तेवढी घाटात राहिली आहे. दाबून चोळ, उद्या आणखी एक नवरी चढवायची आहे."