'कोणा' म्हणजे कोण नव्हे

आमच्या मालकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा वाचाही गेली. पुढे पाय थोडा थोडा उचलू लागला, हातात रबरी चेंडू धरता येऊ लागला, पण तोंडातून शब्द काही फुटेना. बोलायला शिकवणाऱ्या एका म्याडमकडे मी त्यांना रिक्षाने नेत असे. म्याडम आमच्या लेकीच्या वयाच्या. त्या चित्रं दाखवायच्या, कप, कंगवा, कुलूप. हे चित्राकडे बघायचे आणि मग माझ्याकडे, जणू तोंडाला ते कुलूप मीच घातलंय.

एक दिवस म्याडमनी विचारलं, "काका, तुमचं नाव काय?"

"कोणा," हे म्हणाले.

"तुमचंच की, काका. तुमचं नाव सांगा."

"कोणा." या वेळी चांगला हात छातीवर ठेवून.

म्याडमचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काकू, काका 'कोण' असंच विचारतायत. स्वतःची ओळखच राहिली नसेल तर अवघड आहे. डॉक्टरांना पुन्हा दाखवावं लागेल."

परक्या माणसापुढे माझी जीभ वळत नाही. पण तेव्हा गप्प बसले असते तर शुद्धीवरचा माणूस वेड्यात निघाला असता.

माझं माहेर मैंदर्गीचं, घरात कन्नड. हे मराठी मुलखातल्या केम गावचे. कन्नडातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं लग्नापासून सांगत आलेले. म्हणून धाकटी बहीण आली की आम्ही दोघी त्यांच्यासमोरच कन्नडात बोलायचो. तिनेच त्यांना 'कोणा' नाव पाडलेलं. कोणा म्हणजे रेडा. कोणा जेवला का, कोणा आज फुरफुरतोय का, असं तिचं चालायचं. मी पदर तोंडाला लावून हसायची आणि हे शांतपणे सुपारी कातरत बसायचे.

"म्याडम," मी खाली बघत म्हणाले, "नाव बरोबर सांगितलंय त्यांनी. कन्नडात रेड्याला कोणा म्हणत्यात."

"काकांना रेडा कोण म्हणतं?"

"भईन माजी."

म्याडमनी हसू दाबलं. खात्री करून घ्यायला माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "काका, मग ह्या कोण?"

यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. वाकडं झालेलं तोंड एका बाजूने हसलं.

"एम्मी."

एम्मी म्हणजे म्हैस. इतकी वर्षं या माणसाला सगळं कळत होतं.

"म्हणजे काय हो, काकू?"

"बायको," मी म्हणाले.

घरी आल्यावर बहिणीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "अक्का, माझ्याबद्दल काय बोलले का गं?"

"अजून न्हाय," मी म्हणाले. "पण म्याडम म्हणाल्या, आता शब्द भराभरा येतील."