मालिकेचा चौदावा भाग

आमच्या व्याह्यांइतका सरळ माणूस बारामती-इंदापूर पट्ट्यात दुसरा नसेल, आणि त्यांच्याशी सरळ बोलून ज्याचं निभावलं असा माणूसही मला अजून भेटलेला नाही. इंदापुरात बाजारामागच्या गल्लीत एक जुनं वाचनालय आहे, तिथले ते ग्रंथपाल. जगातलं प्रत्येक पुस्तक कुठल्या ना कुठल्या मालिकेतलं असतं, आणि लोक त्याला काहीही म्हणोत, त्याचं प्रमाण नाव एकच असतं, ही त्यांची दोन तत्त्वं. आमची मुलगी बघायला आले तेव्हा बाकीची मंडळी पोह्यांवर होती. यांनी तिला एकच प्रश्न विचारला, "पोरी, मालिका मधनंच उचलतीस का पयल्या भागापास्नं?" घाबरलेली पोर "पहिल्यापासून" म्हणाली आणि लग्न ठरलं. तिनं तोवर पाठ्यपुस्तकापलीकडे काही वाचलेलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. पण मुलीच्या बापानं सगळंच बोलून दाखवायचं नसतं.

इंदापुरात पुस्तक नावानं कुणी मागत नाही. कुणी म्हणतं, "जावंनं घर फोडलं ते द्या." कुणी म्हणतं, "हिरव्या पुठ्ठ्याचं, शेवटाला म्हातारा मरतो ते." व्याही अशा प्रत्येक मागणीचं रीतसर कार्ड करतात. वर 'जावेनं घर फोडलं ते', त्याखाली 'पाहा', आणि त्याखाली पुस्तकाचं प्रमाण नाव. लाकडी कपाटाचे दोन खण असल्या कार्डांनीच भरलेत. मध्यंतरी वाचनालयात संगणक आला आणि त्याच्यापुढे एक हुशार मुलगी बसली. लोकांनी जे मागितलं ते तिनं आठवडाभर इमानेइतबारे टाइप केलं, आणि संगणक आपला एकच म्हणे, नोंद आढळली नाही. शेवटी तीही गुपचूप खण ओढायला लागली. व्याही एवढंच म्हणाले, "त्याला नाव सांगावं लागतंय. नाव ठावं असतं तर मानूस हितं कशाला आला असता?"

मालिकेचा मागचा भाग झाल्याशिवाय पुढचा ते देत नाहीत. झाला म्हणून भागत नाही, वर प्रश्न असतो. तालुक्याचे एक साहेब पाचवा भाग मागायला आले, चौथा वाचलाय म्हणाले. "मंग घोडी कुनाची मेली?" व्याह्यांनी विचारलं. साहेब चौथा भाग घेऊन परत गेले.

हा जाच मनापासून आवडणारा एकच वाचक होता. एसटी स्टँडजवळ शिलाईचं दुकान असलेले रज्जाकचाचा. एका घराण्याच्या चार पिढ्यांवरची चौदा भागांची कादंबरी त्यांनी ओळीनं तेराव्या भागापर्यंत आणली होती. चौदावा वाचनालयात नव्हता. इकडे चाचांची नजर चालली होती. गेली ती परत येणार नाही आणि आहे ती किती दिवस, सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. चाचा व्याह्यांना म्हणाले, "थोरल्या सूनबाईचं फुडं काय झालं तेवढं कळू द्या. मंग डोळं गेलं तरी चालंल."

झालं, व्याही पेटले. बारामतीला मी राहतो, त्यामुळे तिथली वाचनालयं पालथी घालायचं काम माझ्याकडे. मोरगावला एका निवृत्त मास्तरांचं कपाट उपसून झालं. सगळीकडून मी फोन करायचा, नाही म्हणून सांगायचं, आणि पलीकडून यायचं, "पाव्हणं, मालिकेच्या नावानं शोधा." अहो, मालिकेच्या नावानंच शोधत होतो! असं वर्ष गेलं. चाचांना सुईत दोरा ओवता येईना.

मग कऱ्हाटीला एका जुन्या वाचकाच्या ट्रंकेत मला एक पिवळी पडलेली पुस्तकांची यादी मिळाली. चौदावा भाग दुसऱ्याच प्रकाशकानं काढला होता, वेगळ्या नावानं, मालिकेचा उल्लेखही न करता. ती यादी घेऊन मी तडक इंदापूर गाठलं. व्याह्यांनी ते नाव वाचलं आणि खुर्चीत बसले. पुस्तक त्यांच्याच वाचनालयात होतं. खणातलं कार्डही त्यांच्याच हातचं होतं, आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मालिका: नाही.'

मला हसू फुटलं. पण त्यांचा चेहरा बघून ते गिळलं. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि पुस्तक घेऊन थेट चाचांचं दुकान गाठलं. मी मागे. "चाचा, आपल्याच कपाटात व्हतं. म्याच एकटं म्हनून लावलं. चूक माझी हाय." चाचांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि मांडीवर ठेवलं. "असू द्या वो. पर आता अक्षार लागत न्हाय."

त्या दिवसापासून दुपारी वाचनालय बंद झालं की व्याही दुकानात जाऊन वाचून दाखवतात.

गेल्या महिन्यात मुलीकडे गेलो होतो, तेव्हा व्याह्यांच्या आधी दुकानात पोचलो. चाचा हळूच म्हणाले, "पाव्हणं, त्यास्नी सांगू नगा. ह्ये म्या वाचल्यालं हाय. लय वर्सांमागं नेलं व्हतं. दुसऱ्या पानालाच वळाखलं."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? त्ये बिचारं चूक भरून काढाय रोज उन्हाचं येतंय." चाचांनी बंद मशिनवर हात ठेवला. "आन तवा ती सून कोन, कुठली, मला कुठं ठावं व्हतं? ती मेली, म्या पुस्तक मिटलं आन जेवाय गेलो. आता तेरा भाग तिच्यासंगं काढल्यात. मरायचीच हाय ती, पर जरा सावकाश येऊ द्या."

तेवढ्यात व्याही आलेच. घाम पुसला, चष्मा चढवला, खुणेची चिठ्ठी काढली. शेवटची थोडीच पानं राहिली होती.

"कुठवर आलो व्हतो, चाचा?"

"कालचं ध्यानात ऱ्हायलं न्हाय बगा," चाचा म्हणाले. "पुन्ना वाचा."

व्याह्यांनी कुरकुर न करता चार पानं मागे उलटली आणि वाचायला सुरुवात केली. माझी बारामतीची गाडी लागली होती. मी ती जाऊ दिली.