सोमवारचा भाचा

नगरच्या कापडबाजारात मी नोकरीला लागलो ते सत्तर-एकाहत्तर साल असेल. पहिल्याच दिवशी मी मालकांना विचारलं, "शेठ, नोकरीच्या अटी काय? सुट्टी कधी?" तर ते असे हसले, जणू मी आईला जेवणाचे दर विचारले. "घरच्या माणसाला कसल्या आल्यात अटी?" म्हणाले, आणि स्वतःच्या डब्यातली पुरणपोळी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी मूर्खानं ती खाल्ली.

दुकानाचा बंदचा वार सोमवार. कायद्याप्रमाणे तशी पाटी लावावी लागे, ती ठळक अक्षरांत लावलेली होती. पुढच्या फळ्याही लागलेल्या असत. फक्त मागचं दार उघडं, आणि आत आम्ही तिघं नोकर गाठी फोडत, तागे रचत असायचो. आठवड्याला एक भरपगारी सुट्टी देणं मालकावर बंधनकारक आहे, हे मला शेजारच्या दुकानातल्या कारकुनानं सांगितलं होतं. मी ते शेठना सांगितलं, तर ते दुखावले. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. हा गृहस्थ दुखावायचा, आणि वर माझ्यासाठी चहा मागवायचा. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

श्रावणात कोपरगावला, बायकोच्या माहेरी, मला मुलगी झाली. जाऊन यायला आख्खा दिवस हवा, आणि माझ्या हक्काचा दिवस एकच, सोमवार. "जा की!" शेठ म्हणाले. "एवढा माल लावून झाला की लगेच जा." माल कधी लावून होतो का? बारसंसुद्धा माझ्यावाचून झालं. शेठनी मात्र बाळाच्या कुंचीसाठी उंची मखमल पाठवली. ती मीच मापून फाडली, सोमवारी.

दिवाळीच्या आधीच्या एका सोमवारी शॉप इन्स्पेक्टर मागच्या दारानं आत आले. आम्ही तिघं ताग्यांत गुडघ्यापर्यंत बुडालेलो. माझा जीव भांड्यात पडला. आता सुटलो, असं वाटलं.

"बंदच्या दिवशी कामगार कामावर कसे?" त्यांनी विचारलं.

"कामगार कुठायत साहेब?" शेठ म्हणाले. "हा पुतण्या, तो मेहुणा, आणि हा माझा भाचा."

मालकाच्या घरची माणसं या कायद्यात कामगार धरली जात नाहीत, हे मला तेव्हा कळलं. शेठना अर्थातच आधीपासून ठाऊक होतं. इन्स्पेक्टरनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी तोंड उघडणार, तोच शेठ म्हणाले, "अरे, मामाच्या दुकानात साहेब आलेत, चहा सांग ना!" भाचा चहा सांगायला गेला. परत आलो तेव्हा दिवाळीच्या गर्दीच्या गप्पा चालल्या होत्या.

त्या रात्री शेवटच्या एसटीनं घोडेगावला घरी जाऊन चडफडत मी हे आईला सांगितलं. भाऊबीजेला ती तबक घेऊन थेट दुकानात हजर! गिऱ्हाइकांदेखत तिनं शेठना पाटावर बसवलं.

"तुमी माज्या लेकाला भाचा म्हनला, मंग मी तुमची बहीन झाले," ती म्हणाली. "ओवाळनीत मला काय बी नको. ह्याला सोमवारचा मोकळा सोडा. लेक झालीया त्याला, तोंड बगितलं न्हाई अजून."

सगळ्या कायद्याला जे जमलं नव्हतं ते माझ्या अडाणी आईनं करून दाखवलं, असं मला वाटलं. शेठच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. ते उठले, वरच्या फळीवरचं सगळ्यात भारी लुगडं काढून त्यांनी तबकात ठेवलं आणि आईच्या पाया पडले. "ताई, सोमवारचं मी बघतो," म्हणाले.

स्टँडवर आई लुगड्याचा पदर पुन्हा पुन्हा बोटांनी चाचपत होती. "एवढा देवमानूस," ती मलाच म्हणाली, "आन त्याच्याकडं सुट्टी मागतुयास? लाज न्हाई वाटत?" मी कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या सोमवारी लग्नसराईचा माल आला.

शेवटी माघात शेठच कुणाच्या तरी लग्नाला परगावी गेले, किल्ल्या सोबत घेऊन, म्हणून मला कोपरगाव दिसलं. मुलगी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. बसायला लागली होती! अंगात तीच मखमल. मी हात पुढे केले, तशी तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि किंचाळून रडायला लागली. मला उचलूनही घेऊ देईना.

बायको आतून धावत आली, तिला छातीशी धरून थोपटू लागली.

"रडू नगं माय," ती तिला समजावत होती, "घरचाच मानूस हाय त्यो."