सूर्याजींची चाकांवरची खोली

ग्वाल्हेरला शिंदे की छावनीतल्या त्या गल्लीत कुणाचं घर विचारलं, तर उत्तर दोनच प्रकारचं मिळे. 'डिब्बे के आगे' किंवा 'डिब्बे के पीछे'. पोस्टमनचंही एवढ्यावर भागे. हा डबा म्हणजे चाकांवरची एक अख्खी खोली. मोटारीच्या मागे जोडायची आणि संस्थानच्या शिकारीच्या मुक्कामाला न्यायची. आत दोन बाजूंना दोन झोपायची बाकं, घडीचं टेबल, जाळीच्या खिडक्या, आणि कपाट असं बेतानं बसवलेलं की ते उघडायचं तर आतल्या माणसानं बाहेर जाऊन उभं राहावं.

डब्याचे धनी सूर्याजी ढमाले संस्थानच्या डेरेखान्यात दरोगा होते. तंबू, कनाती, सतरंज्या आणि ही गाडी त्यांच्या हवाली असे. पणजोबा दक्षिणेतून तलवार घेऊन आले आणि पणतवाच्या हाती तंबूची मेख आली, असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. पुढे संस्थान मध्यभारतात विलीन झालं, डेरेखाना मोडला. तंबू-सतरंज्यांची वासलात लागली, पण ही गाडी कोणत्या खात्यात घालावी ते नव्या साहेबांना कळेना. मोटार म्हणावी तर इंजिन नाही, इमारत म्हणावी तर पाया नाही. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "दरोगाजी, तुम्हीच घेऊन जा ही."

सूर्याजी खरंच घेऊन आले.

"लोक नोकरी सुटली की शालजोडी घेऊन येतात," कुसुमताई दारात कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "तुम्ही हे काय आणलंत?"

"खोली."

"आणि ठेवणार कुठं? माझ्या डोक्यावर?"

घर दोन खोल्यांचं, अंगण परातीएवढं. खोली राहिली दाराशी, गल्लीत. सूर्याजींनी चाकांना दगड लावले आणि वर ब्रेकही आवळला.

कुसुमताईंचा राग एका वर्षात निवळला, कारण मुलाचं, जयसिंगचं, लग्न ठरलं. तो सेक्रेटरिएटात कारकून होता. नव्या जोडप्याला द्यायला घरात कोपरा नव्हता, गल्लीत खोली होती. सूनबाई इंदू पहिल्या दिवशी पायरीवर थबकली आणि हळूच विचारती झाली, "आई, ही रात्री चालायला तर नाही ना लागणार?" त्या दिवसापासून कुसुमताईंची आणि तिची गट्टी जमली. खिडकीला फुलांचे पडदे आले, दाराला तोरण आलं. पुढे त्यांच्या मुलीचा, बेबीचा, पाळणाही तिथेच टांगला गेला. खंडेनवमीला लोक हत्यारं पूजत, सूर्याजी चाकं पूजत.

समोरच्या दौलतसिंहांचं मात्र या खोलीशी उभं वैर. त्यांच्या मुलीची वरात आली तेव्हा घोडी डब्याच्या बाजूनं निघेना. नवरदेवाला उतरून, तलवार काखोटीला मारून, अंग चोरत दारापर्यंत यावं लागलं. तेव्हापासून दौलतसिंह रोज सकाळी कडुनिंबाचं दातून चघळत एकच वाक्य बोलत, "दरोगाजी, ये कब हटेगा?"

"हटेल, हटेल. जयसिंगला सरकारी क्वार्टर लागून गेलं की हटवतो."

"आपके जयसिंह को क्वार्टर मिलेगा तब तक मेरी पोती की बारात आ जाएगी!"

"मग वरात पायी आणा. नातजावई पायी आला तर काय बिघडतं?"

दौलतसिंह हसू आवरत थुंकायला वळत. भांडण असं रोज ताजं राही.

मध्यभारताच्या राज्याची एक रीत सूर्याजींना फार आवडे. उन्हाळा लागला की सरकार इंदूरला जाई, थंडी पडली की ग्वाल्हेरला परत येई. फायली पेट्यांत, पेट्या आगगाडीत, मागोमाग कारकून. "बघा," ते कट्ट्यावर बसून सांगत, "राजा गेला, पण सरकारला शेवटी आमचंच खातं लागलं. हा मुक्काम हलवण्याचाच धंदा." जयसिंगही इंदूरला जाई, इंदू-बेबीला नेई, आणि थंडीत सगळी परत त्या खोलीत.

त्यामुळे छप्पन्न साली मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला आणि जयसिंगचं ऑफिस भोपाळला निघालं, तेव्हा सूर्याजींना फक्त एवढंच खटकलं की या खेपेला निघायला ऋतू चुकला.

"थंडीत निघालंय, म्हणजे उन्हाळ्यात परत येईल," त्यांनी हिशेब लावला. "उलटं केलंय एवढंच. नवं राज्य आहे, शिकेल."

जयसिंगनं बूट घालता घालता वर पाहिलं. काही सांगायला तोंड उघडलं, पण म्हणाला एवढंच, "बघू, बाबा."

इंदूनं फुलांचे पडदे काढून नेले. कुसुमताईंनी ते पाहिलं. सूर्याजींनी नाही पाहिलं.

माघात दौलतसिंह वर्तमानपत्र घेऊन आले. दातून नव्हतं, नेहमीचा चढा आवाजही नव्हता. "दरोगाजी, भोपाल इंदौर नहीं है. ये सरकार अब लौटेगी नहीं."

"तुम्हाला खोली हलवायची घाई, म्हणून असं बोलून राहिलात."

"घाई नहीं, भाईसाहब..."

"सरकार एका जागी बसतं होय कधी? पाण्याचा पत्ता नाही तिथं, माणसं बरॅकीत झोपतात, जयसिंगनंच कळवलंय. असा मुक्काम टिकत नसतो. माझं आयुष्य गेलं यात."

चैत्रात त्यांनी खोली आतून रंगवली. बेबी आता मोठी झाली असेल म्हणून पाळण्याची कडी काढली आणि त्या जागी छोटं बाक ठोकलं. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, दुपारी स्वतः त्यांवर पाणी मारून आत बसून पाहिलं. "गार झाली," बाहेर येऊन त्यांनी कुसुमताईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या.

जयसिंग आला तो एकटाच, एका पिशवीनिशी. आईच्या हातचं जेवला, मग सूर्याजींनी त्याला हाताला धरून खोलीत नेलं. रंग दाखवला, पडदे दाखवले, बाक दाखवलं. "बेबी पुरती मावेल यावर. वर्षभर तरी."

जयसिंग बाकावरून हात फिरवत राहिला.

"बाबा, क्वार्टर मिळालंय. दोन खोल्या, नळ आत. बेबीचं नाव शाळेत घातलं."

"छान केलंत. परत येताना दाखला काढून आणा. इथल्या शाळेत विचारून ठेवतो."

"बाबा." त्यानं बाकावरचा हात काढून घेतला. "परत यायचं नाहीये आता. तिथं कायमचं आहे."

"कायमचा मुक्काम?" सूर्याजी हसले. "असला शब्दच नाही रे आमच्या खात्यात."

"मुक्काम नाही, बाबा. घर आहे ते. तुम्ही आणि आई चला माझ्याबरोबर. तेच सांगायला आलो. तेव्हा बोलायला हवं होतं, पण तुमचा चेहरा बघून माझ्याच्यानं बोलवलं नाही."

वाळ्याच्या पडद्यातून पाणी टपकत होतं. सूर्याजींनी सवयीनं पडदा हलवून सारखा केला. दोनदा केला.

"आमचं काय," ते म्हणाले. "तुझ्या आईला दुसरीकडचं पाणी मानवत नाही. तू उशीर करू नकोस, बेबी वाट बघत असेल."

जयसिंग गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी सूर्याजी आपण होऊन दौलतसिंहांच्या दारात उभे राहिले.

"ठाकूरसाहेब, दालबाजारातला तो व्यापारी पोती ठेवायला काहीतरी शोधत होता ना? त्याला निरोप द्या. खोली घेऊन जा म्हणावं."

दौलतसिंहांनी तोंडातलं दातून काढलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले, ते समोर चालत आलं होतं, आणि त्यांना ते नको होतं. "पड़ी रहने दीजिए, दरोगाजी. किसको तकलीफ़ है?"

"तुम्हाला आहे."

"मैं तो यूँ ही बोलता था. आदत हो गई है. रहने दीजिए ना."

"नको. रस्ता अडतो," सूर्याजी म्हणाले, आणि चाकांचे दगड काढायला खाली बसले.

व्यापाऱ्याचा ट्रक दुपारी आला. मागे घ्या, डावं धरा, सावकाश, हे सगळं सूर्याजींनीच सांगितलं. आवाज डेरेखान्यातलाच, खणखणीत. खोली वळणावरून दिसेनाशी झाली तरी हात तसाच वर होता.

घरात आले तेव्हा कुसुमताई दाराकडे पाठ करून बसल्या होत्या.

"अहो, उद्या ती सगळी आली, तर झोपतील कुठं?"

सूर्याजींनी टोपी काढून खुंटीला लावली.

"आता ती पाहुण्यासारखी येतील," ते म्हणाले. "पाहुण्यांना आपण आपली खोली देऊ."