मामाने झाकलेलं नाव

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो आणि बोलतोही लिफ्टसारखाच: दोन शब्द, मग अडकला, मग एकदम धाडकन खाली. सुरुवातीच्या काळातल्या रॉक अँड रोलचा विषय निघाला, की मात्र न थांबता थेट गच्चीपर्यंत. त्यातही कुणाच्या बापाने न ऐकलेल्या रेकॉर्ड्स. सातशे आहेत. मामीचं कपाट त्यापायी स्वयंपाकघरात गेलंय.

त्यातली एक मामाचा जीव की प्राण. गाणारी बाई चार जिने चढून भांडायला आल्यासारखी गाते. ती कोण, हे इतर संग्राहकांना कळू नये म्हणून मामाने वीस वर्षांपूर्वी मधल्या लेबलवर खाकी कागद चिकटवला. त्यांच्यातलेच एक, दातांचे डॉक्टर, दर रविवारी यायचे, ऐकायचे, एक नाव सांगायचे आणि चुकायचे.

"अंहं!" मामा खुर्चीत उड्या मारायचा. "पुढच्या रविवारी या!"

यंदा डॉक्टर अशी गाणी सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकायला लागले आणि मामाला पाझर फुटला. "मी गेलो... तर ही बाई पण... कुणाला कळणारच नाही. देऊन टाकू. नावासकट."

ओल्या कापसाने कागद सोडवला. त्याला चिकटून लेबलही आलं. अक्षरांचा नुसता लगदा.

"नाव काय होतं हो?" मामी.

मामा अडकला. दोन मजल्यांच्या मध्ये. "मनात पण... घ्यायचो नाही. तोंडातून निसटेल म्हणून."

"धन्य आहात! स्वतःलाच गंडवलंत."

रविवारी त्याने डॉक्टरांना लगदा दाखवला. आवाज एवढुसा. "बाई हरवली हो माझ्या हातून."

डॉक्टर दवाखान्यातल्या सुरात म्हणाले, "घाबरायचं नाही. जरासंच दुखेल हं." आणि बाईचं नाव सांगितलं. पूर्ण.

रेकॉर्डच्या लेबलभोवतीच्या कोऱ्या कडेवर कारखान्याने कोरलेला नंबर असतो. तो झाकायला मामा विसरला होता. मामा चहा सांगायला आत गेला असताना डॉक्टरांनी तो टिपला आणि शोधून शोधून तीच रेकॉर्ड मिळवली. बारा वर्षांपूर्वी!

"मग दर रविवारी चुकत का होतात?"

"तुम्ही उड्या मारायचात ना."

मामाने लगदा बाजूला सारला. म्हणाला, "तुमची... खरखरते का?"

"फार."

"मग माझी टाका. फोटो तुमच्या लेबलचा." थांबला. "आणि चहा घेऊन जा. पण तो सांगायला आज मी इथून हलणार नाही."