काचेच्या दारातली होळी

उन्हाळ्यात दुबईच्या नळाला थंड पाणीसुद्धा हात भाजेल असं येतं. तिथे राहून जगातल्या कुडकुडणाऱ्या माणसांची काळजी वाहणारा माणूस मी एकच पाहिला: आमच्या हिचे मामा. अल कुसैसला ते आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एकटे राहायचे आणि हमरिया फ्री झोनमधल्या एका वर्कशॉपमध्ये थंड देशांसाठी लोखंडी शेगड्या बनवायचे. तिकडे घराच्या भिंतीत उघडी चूल असते म्हणे, तिच्या पोकळीत ही काचेच्या दाराची शेगडी बसवायची. "उघड्यावर लाकूड जाळलं की निम्मी ऊब धुराड्यातून वर, जावईबापू. माणसं काकडतात ती काकडतातच. आभाळाला कशाला शेकायचं?" हे मी भर जुलैत, घामाने भिजलेला बनियन पिळत ऐकलेलं आहे.

कोणाच्याही घरी गेले की मामा आधी उदबत्ती लावायचे. किती भाविक माणूस, असं आम्हाला वाटे. ते बघायचे धूर कुठे ओढला जातो ते. एका सत्यनारायणाला त्यांनी गुरुजींनाच पाटासकट सरकवलं, कारण तिथे म्हणे हवेला ओढ नव्हती. आमच्या टीव्हीच्या भिंतीवर त्यांचा विशेष जीव, शेगडी बसवायची तर तिथेच म्हणायचे. एसी सोळावर करून, शाल पांघरून, ते त्या भिंतीसमोर डोळे अर्धे मिटून बसत. हळूहळू बाहेर बर्फ पडू लागे आणि मामा सूप मागत. "सूप नाही, आमटी आहे," ही म्हणायची. मग आमटीची वाटी दोन्ही हातांत धरून ते फुंकर घालत घालत प्यायचे.

इतक्या शेगड्या बनवल्या, पण त्यांच्यापुढे हात शेकणारं एकही माणूस मामांनी पाहिलं नव्हतं. शेगडी खोक्यात, खोकं कंटेनरात, कंटेनर जहाजावर. "एकदा कुणाच्या तरी घरी जाऊन नुसतं बघत बसेन, इन्शाल्ला," म्हणायचे. मग दोन हजार आठची मंदी आली आणि वर्षाच्या आत वर्कशॉपच बंद पडायची वेळ आली. मामांना मार्चअखेर गाशा गुंडाळून कणकवलीला परतायचं होतं. कणकवलीच्या उकाड्यात शेगडीपुढे बसणार कोण? मला फार वाईट वाटलं.

जायच्या आधी होळी आली. बिल्डिंगमध्ये होळी पेटवायची सोय नाही, दरवर्षी आम्ही ताटात पणती ठेवून भागवायचो. या वेळी मामांनी मॅनेजरला विचारून वर्कशॉपच्या अंगणात उरलेली शेवटची शेगडी मांडली, वर नळकांडं जोडलं. "यल्ला, लेकिन जल्दी खलास करना," मॅनेजर म्हणाला. हिने काचेच्या दाराला हळदकुंकू लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. लाकडं पेटली, आत नारळ ठेवून मामांनी दार लावलं. बोंब मारायला आम्ही तोंडाकडे हात नेले, पण मामांचा चेहरा बघून कोणी मारेना.

धूर सुतासारखा वर गेला. समोर आम्ही अर्धगोल करून बसलो, शर्ट पाठीला चिकटलेले. मामा शेगडीकडे बघतच नव्हते, आमच्याकडे बघत होते. माझी मुलगी, एरवी मराठीला इंग्रजीतच उत्तर देणारी, नाकावरचा घाम पुसून पुढे झाली आणि तिने दोन्ही तळवे काचेपुढे धरले. "मामाआजोबा, सो कोझी," ती म्हणाली. मग आम्ही सगळ्यांनीच हात पुढे केले. मामांचे डोळे भरून आले.

"अजून जरा पुढे सरका," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मागे थंडी आहे."

आम्ही पुढे सरकलो.