ताण म्हणजे पाणी तोडणं

ओतूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात माझा फिजिक्सचा सिलॅबस एकदाही वेळेत संपला नाही. किस्से मात्र न शिकवता जमत गेले. त्यातले निम्मे एकट्या स्थितिस्थापकतेच्या धड्यातले! तो शब्द म्हणतानाच जीभ ताणली जाते राव.

*

मुलांना इंग्रजी पुस्तक जड जातं, म्हणून मी मराठीत सांगतो. स्ट्रेस म्हणजे ताण, स्ट्रेन म्हणजे विकृती, ताणानं आकार बदलणं. बोरी बुद्रुकच्या रूपालीला विचारलं, "ताण म्हणजे काय गं?"

"पाणी तोडणं, सर!"

तिच्या घरी डाळिंबाची बाग. "पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. मग पाणी सोडलं की लई फुलं येत्यात. बहर धरतो ना आमी!"

पोरगी हुशार, पण मागच्या वर्षी तोंडी परीक्षेत घाबरून गप्प बसली आणि फिजिक्स राहिलं. यंदा सुटलं नाही तर तिचं नर्सिंग हुकणार होतं. मला तिची फार काळजी वाटायची.

*

एकदा प्रिन्सिपल सर स्टाफरूममधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. सर अंगानं भरलेले. खुर्चीचे पाय हळूहळू फाकायला लागले. मी धड्याच्याच तंद्रीत ओरडलो, "सर, विकृती!"

"कोण?"

*

लॅबमध्ये स्प्रिंगला वजनं टांगून ती किती लांबते ते मोजायचं असतं. एक दिवस बघतो तर वजन काढलं तरी स्प्रिंग लोंबतेच आहे! लॅब असिस्टंट बबनभाऊंना विचारलं.

"काय न्हाई सर, सुट्टीत माझा डबा टांगत व्हतो. मुंग्या लागत न्हाईत."

"अहो, पण ती आता आखडत नाही!"

"माज्या पायजम्याचं इलॅस्टिकबी आखडत न्हाई सर. घालतोच की!"

*

मग वर्गात दाखवायला नवं इलॅस्टिक आणायला बाजारातल्या शेठच्या दुकानात गेलो. शेठचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण मराठी अगदी इथली. सवयीनं मी ताणून ताणून बघितलं. शेवटी ते लांबलं ते लांबलंच.

"शेठ, हे परत जात नाही हो!"

"मग सर, मीपण परत घेत नाही!"

*

आणि यंदाची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक कडक. समोर रूपाली, दाराशी मी. तिनं पहिली उत्तरं नीट दिली, पण साहेब थांबेनात. हे का? ते कसं? जास्त ओढलं तर? ती सुकल्या ओठांवरून जीभ फिरवायला लागली. झालं, मागच्यासारखंच होणार, असं वाटून मी एक पाऊल आत टाकलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "सर, लई ताण झाला. आता पाणी सोडा की!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"डाळिंब?"

"व्हय सर."

"आमचीबी बाग हाय," म्हणत त्यांनी आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. "पी. धरला तुझा बहर!"